बाहेरच्या घासाची धास्ती कशाला?

वजन उतरवायला घेतले की पहिली धास्ती बसते ती बाहेरच्या खाण्याची. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर वडापावचा वास आला तरी जीव घाबरा होतो. हळदीचे, लग्नाचे बोलावणे आले की काही भगिनी काहीतरी कारण सांगून घरीच बसतात. वजन राहते बाजूला, माणसे तुटतात.

आम्हाला वाटते, एवढे भिण्याचे कारण नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एका वड्याने ती चढत नाही. जेवणावळीच्या दुसऱ्या दिवशी काटा पुढे गेला, तर ते बहुतेक खारट खाण्याने अंगात धरलेले पाणी असते. दोन-तीन दिवसांत उतरते.

जाण्याआधी उपाशी राहू नका. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी तर नाहीच. पळस्पे फाट्यावर मिसळ घेतली तर पाव एकच, तर्री कमी. पंगतीत आधी कोशिंबीर, वरण, मग भात. आग्रह झाला तर "पोट भरले" एवढेच सांगावे.

कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही, मात्रा सांगितली. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि सडपातळ झाला. आपणही मात्रा सांभाळावी, पंगत सोडू नये.