घरीं केलेली आकाशतार

बिनतारी विद्या म्हटली म्हणजे मोठा खर्च, असें पुष्कळांस वाटतें. पालकही त्यामुळें मुलांस त्या छंदापासून परावृत्त करतात. वस्तुतः हौशी बिनतारी केंद्राचें एक अत्यंत महत्त्वाचें अंग घरींच, अल्प खर्चांत तयार होतें. तें अंग म्हणजे आकाशतार, जिला आपण एरियल किंवा अँटेना म्हणतों. ता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं इंग्लंडहून आलेले संकेत अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफौंडलंड येथें ऐकूं आल्याचें मार्कोनी यांनीं जाहीर केलें. त्या वेळीं त्यांची आकाशतार म्हणजे पतंगानें वर नेलेली, सुमारें १५० मीटर लांबीची एक तारच होती.

साधी तार चालते. परंतु माप मात्र योग्य असावें लागतें. झोपाळ्यास त्याच्या गतीशीं जुळवून हलकासा रेटा देत गेल्यास तो उंच जातो; अवेळीं दिलेला रेटा फुकट जातो. तारेचेंही तसेंच आहे. विजेचा प्रवाह तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत येण्यास जो काळ लागतो, तो येणाऱ्या लाटेच्या एका आंदोलनाएवढा असला, म्हणजे तार त्या लाटेशीं जुळली. यासाठीं तारेची लांबी लाटेच्या लांबीच्या निम्मी असावी लागते.

आतां हिशेब पाहूं. हौशी मंडळींच्या ४० मीटरच्या पट्ट्यांतील ७.१ मेगाहर्ट्झ ही कंपनसंख्या घ्या. बिनतारी लाट सेकंदास सुमारें ३० कोटि मीटर जाते. या संख्येस ७१ लक्षांनीं भागिलें असतां लाटेची लांबी सुमारें ४२.२५ मीटर येते. तिचा अर्धा २१.१ मीटर. प्रत्यक्ष तारेंत ही लांबी शेंकडा ५ नें कमी धरावी लागते. म्हणून तार सुमारें २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस १० मीटर ठरली.

साहित्य असें: घराच्या वायरिंगची तांब्याची तार, प्लास्टिकच्या नळीचे तीन तुकडे, नायलॉनची दोरी आणि ५० ओहमची कोअॅक्सिअल केबल. प्रत्येक बाजूची तार प्रथम १०.३० मीटर घ्यावी. कापलेली तार वाढवितां येत नाहीं. नळीचा एक तुकडा मध्यें ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंस तारा बांधाव्या. केबलच्या आंतील तांब्याचा तंतु एका तारेस व बाहेरील जाळी दुसरीस डाख देऊन जोडावी, आणि सांध्यांत पावसाचें पाणी शिरणार नाहीं असें तें तोंड बंद करावें. बाहेरील टोकांस नळीचे उरलेले तुकडे व पुढें दोरी बांधून तार दोन झाडांमध्यें ताणावी. मग मापकयंत्रावर पाहून दोन्ही टोकें सारखीं थोडथोडीं आंखूड करावीं. केवळ ऐकावयाचें असल्यास इतक्या काटेकोर मापाची गरज नाहीं.

तार सहासात मीटर उंचीवर असली, तर तिच्या लाटा बहुतेक वर जातात व दिवसा वातावरणाच्या विद्युन्मय थरांवरून परतून तीनचारशें किलोमीटरांच्या प्रदेशांत पोंचतात. दूरदेशाशीं बोलावयाचें असल्यास तार अधिक उंच हवी.

पालकांस आमची आग्रहाची विनंति आहे कीं, तार चढवितांना आपण स्वतः जवळ असावें. तार तुटली अथवा बांबू कोसळला, तरी तो विजेच्या तारांस लागणार नाहीं, एवढें अंतर राखावें. या नियमास अपवाद नाहीं. वळवाचे ढग दिसूं लागतांच, गडगडाट सुरू होण्यापूर्वींच, केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. संदेश पाठविणें चालू असतां तारेच्या टोकांवर मोठा विद्युद्दाब असतो. तीं हातास लागतील इतकीं खालीं नसावीं. शिवाय संदेश पाठविण्यास परीक्षा उत्तीर्ण होऊन केंद्र सरकारचा परवाना मिळवावा लागतो.

हा केवळ खेळ आहे काय? डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद व त्यांचे हौशी सहकारी पोर्ट ब्लेअर येथें बिनतारी केंद्र चालवीत होते. ता. २६ रोजीं भूकंप व त्सुनामी यांमुळें दळणवळण कोलमडलें, तेव्हां त्यांनीं आपलें केंद्र तत्काळ मदतकार्यास लावलें आणि संकटांत सांपडलेल्यांची खुशाली मुख्य भूमीवरील त्यांच्या आप्तांस कळविली. असें साहाय्य करण्याचें सामर्थ्य संकटाच्या दिवशीं एकाएकीं येत नाहीं. शांततेच्या काळीं ज्यानें तार मोजली, कापली, ताणली व पुनःपुन्हा तपासली, त्याच्याच हातीं तें असतें. येत्या सुट्टींत वडिलांच्या संमतीनें एक मोजपट्टी हातीं घ्या आणि आपल्या अंगणांत वीस मीटर कोठें बसतात, तें प्रथम पाहा.