नस्तीत राहिलेला विरोध

सरकारी कार्यालयात वरिष्ठांना न रुचणारे मत मांडण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे नस्तीतील टिप्पणी होय. नस्ती म्हणजे एखाद्या प्रकरणाच्या कागदपत्रांची फाइल; तिच्यात लिपिकापासून सचिवापर्यंतचे कर्मचारी आपले मत कारणांसह, सहीनिशी नोंदवीत जातात, त्यामुळे अमान्य झालेला विरोधही अंतिम निर्णयाच्या शेजारी कायम राहतो. तेच मत वर्तमानपत्रात मांडल्यास मात्र शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, कारण केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नववा नियम सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर जाहीर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो. त्याआधी, १९६२ मध्ये, कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरही मूलभूत हक्कांचा धनी असतो हे मान्य करून बिहारमधील सरसकट निदर्शनबंदी रद्द केली होती, पण संपाचा हक्क मान्य केला नव्हता.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने ‘माहिती’च्या व्याख्येत अभिप्राय आणि सल्ला यांचा समावेश केला, तेव्हा हे बंदिस्त मतभेद नागरिकांपुढे येण्याची वाट मोकळी झाली. टिप्पण्या उघड होऊ लागल्या तर अधिकारी निर्भीडपणे लिहिणार नाहीत, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला, आणि २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या वगळण्याची दुरुस्ती मंजूरही केली; अण्णा हजारे यांनी ऑगस्टमध्ये आळंदीत उपोषण केले व देशभर विरोध झाला, तेव्हा ती मागे पडली. तो आक्षेप मुळातच चुकीचा होता. प्रामाणिक अधिकाऱ्याला नागरिकाच्या वाचण्याचे भय नसते. त्याला भय असते ते वरिष्ठाच्या नाराजीचे आणि बदलीचे, आणि त्या भयापुढे आपला विरोध लेखी आहे व तो कोणालाही मागवता येतो, हाच त्याचा आधार असतो.

खरा धोका ‘चर्चा करावी’ या दोन शब्दांच्या शेऱ्यात आहे. चर्चेची गरज अनेकदा खरीच असते, परंतु तिचा वापर प्रतिकूल टिप्पणी टाळण्यासाठी झाला, तर मतभेद दालनातच विरतो आणि नस्तीत केवळ संमती उरते. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये आणि असे आदेश लेखी नोंदवले जावेत, असे स्पष्ट केले. तरीही ती नोंद करण्याचा भार व्यवहारात बहुधा आदेश घेणाऱ्यावरच पडतो.