टीव्ही कुठे लावायचा? आधी भिंतीला विचारा

आजच्या भागात आपण अशा कामाबद्दल बोलणार आहोत, जे बहुतेक घरांत अर्ध्या तासात उरकलं जातं आणि मग वर्षानुवर्षं डोक्यावर टांगलेलं राहतं. ते काम म्हणजे भिंतीवर मोठा टीव्ही बसवणं.

पूर्वी टीव्ही खोक्यासारखा होता. तो टेबलावर, नाहीतर भिंतीतल्या कोनाड्यात बसायचा. आता पातळ, रुंद टीव्ही आले. बचत गटाच्या खोलीत, अंगणवाडीत, शाळेत, आपल्या पुढच्या खोलीत ते भिंतीवर चढले. टीव्ही बसवायला माणूस येतो ती वेळ बहुधा दुपारची असते. घरात त्या वेळी बाईच असते. तो विचारतो, "ताई, कुठे लावू?" आपण बोट दाखवतो आणि चहा ठेवायला आत जातो. पण "ही भिंत कशाची आहे?" हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. खरं तर सगळं काम याच एका प्रश्नावर उभं आहे.

टीव्हीचा भार स्क्रू उचलतो असं आपल्याला वाटतं. स्क्रू फक्त भार भिंतीकडे पोचवतो, उचलते ती भिंत. भिंत भरीव असेल तर स्क्रूला धरायला चारही बाजूंनी माल मिळतो. भिंत आतून पोकळ असेल तर स्क्रू वरच्या पातळ कातडीतच अडकलेला असतो. ती कातडी फुटली की टीव्ही खाली येतो, आणि त्या खाली बहुतेक घरांत मुलं बसलेली किंवा झोपलेली असतात.

भिंत कशी ओळखायची?

आपल्याकडे घरातल्या आतल्या भिंती आता बऱ्याचदा पोकळ असतात. सिमेंटचे पोकळ ब्लॉक स्वस्त पडतात आणि काम लवकर होतं, म्हणून मधल्या भिंती त्यांच्याच घालतात. एका मोठ्या खोलीच्या दोन खोल्या करायच्या असतील तर लाकडी किंवा लोखंडी पत्र्याच्या चौकटीवर प्लायवूड, सिमेंट शीट किंवा पीओपीचे बोर्ड ठोकून पार्टिशन करतात. वरून प्लास्टर आणि रंग झाला की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात.

पहिली खूण आवाजाची. बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत आडवं सरकत जा. भरीव भिंत कोरडा, आखूड आवाज देते. पोकळ भिंत रिकाम्या डब्यासारखी बोलते. पार्टिशन असेल तर ठरावीक अंतरावर आवाज बदलतो. जिथे आवाज भरीव होतो तिथे आतली चौकट आहे. चौकटीवर बोर्ड स्क्रूने बसवलेले असतात, म्हणून छोटं लोहचुंबक भिंतीवर फिरवलं की स्क्रूच्या डोक्यापाशी ते ओढ घेतं. तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा एकाखाली एक उभ्या ओळीत आल्या की चौकटीचा उभा पाय सापडला असं समजा.

दुसरी खूण भुशाची. टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी बारीक ड्रिलने एक छोटं भोक पाडून बघायला सांगा. लाल भुसा आला तर वीट. आधी करडा भुसा आला आणि इंचभर गेल्यावर ड्रिल एकदम आत घसरलं, तर पोकळ ब्लॉक. पांढरी मऊ पावडर आली आणि अर्ध्या इंचातच ड्रिल आत गेलं, तर पीओपीचा बोर्ड. ड्रिल लोण्यात जावं तसं सरळ जात राहिलं आणि करडा-पांढरा हलका भुसा आला, तर हलके ब्लॉक, ज्यांना गवंडी सिपोरेक्स म्हणतात. ते आतून पोकळ नसतात, पण बुडबुड्यांनी भरलेले आणि ठिसूळ असतात. त्यांनाही साधी गिट्टी पुरत नाही.

घर बांधताना आपल्यापैकी कितीतरी जणींनी स्वतः ब्लॉक वाहून दिलेले असतात. कोणती भिंत कशाची, हे आपल्यालाच सगळ्यात आधी माहीत असतं. ते न विचारता सांगायचं.

वजन किती आणि ओढ किती?

साधारणपणे ३२ इंची टीव्ही ४ ते ६ किलोचा असतो, ४३ इंची ७ ते १० किलोचा आणि ५५ इंची १२ ते १८ किलोचा. नक्की आकडा खोक्यावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो. त्यात लोखंडी स्टँडचं वजन मिळवायचं. स्टँड कितीपर्यंतचा भार घेतो, हे स्टँडच्या खोक्यावर असतं.

आता एक गंमत बघा. भरलेली घागर कमरेवर घेऊन आपण मैलभर चालतो. तीच घागर हात लांब करून समोर धरायला सांगितली, तर दहा पावलंही जाता येणार नाही. घागर तीच, पण अंगापासून लांब गेली की ओढ वाढते. टीव्हीचंही तसंच आहे. भिंतीला चिकटून बसणारा स्टँड म्हणजे कमरेवरची घागर. बाहेर ओढता येणारा, हाताचा स्टँड म्हणजे लांब धरलेली घागर.

हिशेब करून पाहू. टीव्ही १५ किलोचा आहे, हात ४५ सेंटिमीटर बाहेर आला आहे, आणि भिंतीवरच्या पट्टीचे वरचे आणि खालचे बोल्ट १५ सेंटिमीटर अंतरावर आहेत. ४५ भागिले १५ म्हणजे ३ पट. वरच्या बोल्टांवर बाहेरच्या दिशेने ४५ किलोची ओढ येते. शिवाय कुणी टीव्ही फिरवताना जोर लावला तर तो वेगळाच. म्हणून पोकळ भिंतीवर हाताचा स्टँड घेऊ नका. भिंतीला लागून बसणारा किंवा थोडा झुकणारा, रुंद पट्टीचा स्टँड घ्या.

पोकळ ब्लॉकची भिंत

स्टँडसोबत येणारे स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या गिट्ट्या बहुधा भरीव भिंतीसाठी असतात. पोकळ ब्लॉकचं कवच जेमतेम इंच-सव्वा इंच जाड असतं. गिट्टीचा पुढचा भाग पोकळीत लोंबकळतो आणि काहीच धरत नाही. लोखंडी फास्टनर लावला तर तो आत फुगतो आणि कवचालाच तडा देतो. ड्रिल मशीनचा हॅमर चालू ठेवून भोक पाडलं तर आतल्या बाजूने ब्लॉकचे ढलपे उडतात. बाहेरून भोक नीट दिसतं, आत मात्र खड्डा झालेला असतो. म्हणून हॅमर बंद करून, साध्या फिरकीवर, सावकाश भोक पाडायला सांगायचं.

आतली भिंत असल्याचा एक मोठा फायदा आहे. पलीकडची बाजूही आपल्याच घरात असते. तेव्हा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आरपार बोल्ट. ८ मिलिमीटर जाडीचा आट्यांचा रॉड भिंतीतून आरपार घालायचा. पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी किंवा जाड प्लायवूडचा तुकडा लावायचा, त्यावर मोठा वायसर आणि नट. अशाने भार एका भोकावर न राहता पट्टीभर पसरतो. नट घट्ट करायचा, पण ब्लॉक चिरडेल इतका आवळायचा नाही. पलीकडे पट्टी दिसते खरी. तिला रंग द्या, नाहीतर तिथेच खुंट्यांची फळी बसवून कपडे अडकवा.

पलीकडे जाता येत नसेल तर दुसरा उपाय म्हणजे पोकळी भरणं. जिथे बोल्ट येणार तिथे ब्लॉकला भोक पाडून आत बारीक खडीचा माल भरायचा. पोकळी बहुधा खालपर्यंत सलग असते. म्हणून आधी सिमेंटची रिकामी गोणी कोंबून बूच करायचं, नाहीतर सगळा माल तळाला जाईल. आठवडाभर पाणी मारायचं, मग त्या भरलेल्या जागेत फास्टनर लावायचा. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात जाळीच्या नळीसह केमिकल फास्टनर मिळतो. तोही पोकळ ब्लॉकमध्ये चालतो, पण डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण दिल्याशिवाय त्यावर भार टाकायचा नाही.

पार्टिशनची भिंत

पीओपीचा बोर्ड म्हणजे कागदाच्या दोन थरांत भरलेलं अर्धा इंच प्लास्टर. त्याच्या जिवावर टीव्ही टांगायचा नाही. इथे भार घेणार ती चौकट. चौकटीचे उभे पाय बहुधा दोन फुटांवर असतात आणि टीव्हीचा स्टँड त्याहून अरुंद असतो, म्हणून दोन्ही पाय एकदम सापडत नाहीत. यावर तोड म्हणजे मधे फळी घालणं. १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड, किमान दोन पायांना पुरेल इतका रुंद, म्हणजे अडीच-तीन फूट. तो दोन्ही पायांवर वरपासून खालपर्यंत अनेक स्क्रूंनी बसवायचा आणि स्टँड त्या प्लायवूडवर लावायचा.

चौकट पातळ पत्र्याची असेल आणि टीव्ही मोठा असेल, तर नुसत्या स्क्रूवर विसंबू नका. इथेही मागे दुसरी फळी लावून आरपार बोल्ट घ्या. पार्टिशन हाताने ढकललं आणि डुलायला लागलं, तर आधी ते वर स्लॅबला आणि खाली फरशीला पक्कं करून घ्या.

मातीची भिंत, कच्च्या विटा, कोकणातला कारवीचा कूड किंवा नुसता पत्रा असेल तर टीव्ही भिंतीवर चढवायचा हट्टच नको. रुंद, बुटकं, न डुलणारं कपाट घ्या, टीव्ही त्यावर ठेवा आणि मागून पट्ट्याने घराच्या खांबाला किंवा वाशाला बांधा. मूल लोंबकळलं तरी तो पुढे येता कामा नये.

लावण्याआधी आणि लावल्यावर

जागा ठरवताना स्विचबोर्डकडे बघा. वायरी बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडव्या गेलेल्या असतात. त्या रेषेत भोक पाडायचं नाही, बाजूला वीतभर जागा सोडायची. न्हाणीघराला लागून असलेली ओली भिंत आणि चुलीजवळची भिंत टाळायची. उंची आपल्या बसण्यावरून ठरवा. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी टीव्हीचा मध्य साधारण साडेतीन फुटांवर ठीक. सतरंजीवर बसत असाल तर त्याहून खाली. गटाच्या बैठकीत मागच्यांनाही दिसायला हवं, तिथे थोडा वर घेऊन पुढे झुकवायचा. पट्टी पाणसळ लावूनच बसवायची.

मग परीक्षा. टीव्ही चढवण्याआधी भिंतीवरच्या पट्टीला दोरीने पाण्याच्या बादल्या टांगा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टीव्ही आणि स्टँड मिळून ११ किलो असेल तर २२ लिटर पाणी टांगा, म्हणजे दुप्पट. तासभर राहू द्या. मुलांना खोलीबाहेर ठेवा. पट्टी सरकली, प्लास्टरला चीर गेली, भुसा गळला, तर टीव्ही चढवायचा नाही. पाणी सांडलं तर पुसता येतं.

टीव्ही दोघांनी धरून चढवावा. पडद्यावर हात दाबू नये. खालची कडी अडकल्याची खात्री करावी. वायर लोंबती ठेवू नये, मूल तीच ओढतं. टीव्हीवर फळी करून त्यावर रिमोट, खेळणी किंवा फुलदाणी ठेवू नये, कारण ते घ्यायला मूल टीव्हीवर चढतं. दर दिवाळीच्या साफसफाईत मागे हात घालून नट तपासा. पावसाळ्यात भिंत ओल धरते, म्हणून ही वेळ बरोबर पडते.

आणि ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय. टीव्ही कोणत्या भिंतीवर येणार ते आजच ठरवा आणि गवंड्याला सांगा, "या जागेच्या ब्लॉकच्या पोकळ्या काँक्रीटने भरून घ्या." दोन-चार घमेली माल लागेल. पुढचा सगळा खटाटोप वाचेल.

टीव्ही बसवणाऱ्याला विचारायचे चार प्रश्न वहीत लिहून घ्या. ही भिंत कशाची निघाली? बोल्ट कशात धरणार आहे? टीव्ही आणि स्टँड मिळून वजन किती? बादली टांगून दाखवाल का? तो घाईत असेल, पुढच्या गावाला जायचं असेल. तरी उत्तर मिळाल्याशिवाय टीव्ही खोक्यातच राहू द्या. गटाच्या कर्जातून घेतलेला टीव्ही एक दिवस उशिरा लागला तर काही बिघडत नाही. त्याखाली आपलीच पोरं बसणार आहेत.