तारेच्या मांडवातून दिसणारं चुंबकत्व

इंदापूर तालुक्यात ज्याने द्राक्षबागेच्या मांडवाची तार ताणली आहे, त्याला खोडदची रेडिओ दुर्बीण समजायला फार वेळ लागू नये. इंदापूर पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, उजनीच्या पाणफुगवट्याच्या बाजूला. खोडद जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. १४ मधल्या चौकात, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, गावागावांच्या शिवारांत. सगळ्यांनी टिपलेलं एकत्र केलं की सुमारे २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण तयार होते.

एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली, तर वाऱ्याचा जोर पेलायला प्रचंड पोलाद लागतं. ही दुर्बीण घडवणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी पत्राच काढून टाकला. सांगाड्यावर पोलादी तारा ताणल्या आणि त्यांवर बारीक तारेची जाळी अंथरली. वारा जाळीतून निघून जातो, रेडिओ लहर मात्र परतते. कारण जाळीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचं आणि इथे टिपली जाणारी लहान लहरसुद्धा २० सेंटिमीटरच्या घरातली. हाताशी पैसा कमी असताना सुचलेली ही युक्ती मला महागड्या यंत्रांहून मोठी वाटते.

ही दुर्बीण बघते काय? बऱ्याच अंशी चुंबकत्व. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सापडला की सरळ जात नाही, बलरेषेभोवती गिरक्या घेतो, आणि गिरकी घेणारा विद्युतभार लहरी सोडतो. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा मोठा वाटा असा जन्मतो. चुंबकीय क्षेत्र गॉस या एककात मोजतात. आपल्या आकाशगंगेतलं क्षेत्र गॉसच्या काही दशलक्षांश भागाइतकंच असतं, पृथ्वीच्या क्षेत्राहून सुमारे लाख पटींनी दुबळं. तरी त्याची खूण उरते. चुंबकित वायूतून जाताना लहरीच्या कंपनाची दिशा वळते. फॅरडेला हे १८४५ मध्ये काचेत दिसलं होतं. तरंगलांबी दुप्पट झाली की हे वळण चौपट होतं, म्हणून खोडदच्या लांब लहरींवर अगदी क्षीण क्षेत्राचीही छाप उमटते.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते काही उष्ण तारे. त्यांचं क्षेत्र हजारो गॉसचं, पण त्याचा अक्ष ताऱ्याच्या फिरण्याच्या अक्षाशी कललेला. अशा ताऱ्याकडून रेडिओ झोत येतात, दीपगृहाच्या प्रकाशासारखे ठरावीक वेळाने. असा पहिला तारा २००० साली कळला आणि पुढे बरीच वर्षं तो अपवादच मानला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या बर्नाली दास आणि पूनम चंद्रा यांनी याच दुर्बिणीतून शोध घेतला. २०२१ मध्ये असे आठ नवे तारे जाहीर झाले. तोवर माहीत असलेल्या पंधरांपैकी अकरा खोडदनेच शोधलेले होते. अपवाद म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट अशी नेहमीची निघाली.

या झोतांचं गणित सुरेख आहे. एका गॉसच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २८ लाख गिरक्या घेतो. झोताची वारंवारता या गिरक्यांच्या दराशी बांधलेली असते. म्हणून उच्च वारंवारता ताऱ्याजवळच्या तीव्र क्षेत्रातून येते, कमी वारंवारता वरच्या, दुबळ्या क्षेत्रातून. दुर्बिणीच्या नूतनीकरणानंतर तिची ग्राहक यंत्रं वारंवारतांचा रुंद पट्टा एका वेळी घेतात, त्यामुळे ताऱ्याचं चुंबकावरण थराथराने उलगडता येतं. झोत ध्रुव समोर असताना दिसत असेल, असं वाटेल. तसं नाही. तो चुंबकीय अक्षाशी जवळजवळ काटकोनात निघतो, म्हणून दोन्ही ध्रुव बाजूला आणि चुंबकीय विषुववृत्त आपल्यासमोर आलं, की तो आपल्यापर्यंत पोचतो. ताऱ्याच्या फिरण्याचा काळ माहीत असतो. वेळ आधीच काढून, तो क्षण येण्यापूर्वी तबकड्या त्या दिशेला वळवून ठेवलेल्या असतात.