शिणवटा व भंग संशोधन, विमान-पदार्थांवरील

एकदाच दिला असता सहज पेलता येईल असा भार एखाद्या भागावर हजारो वेळा दिला व काढला, तर त्यात सूक्ष्म तडा उद्भवतो. तो आवर्तनागणिक वाढत जातो आणि उरलेला छेद अपुरा पडताच भाग एकाएकी तुटतो. तडा उद्भवून वाढण्याच्या क्रियेस शिणवटा व अखेरच्या तुटण्यास भंग म्हणतात. विमानात दर उड्डाणास धडात हवेचा दाब भरला व सोडला जातो, वाऱ्याच्या झोतांनी पंख लवतात, तर उतरताना चाकांच्या आधारांना धक्के बसतात. पुलाचे भाग जाड करून प्रतिबल कमी राखता येते. विमानाला वजनामुळे ही सवलत नाही. त्यामुळे तडा किती वेगाने वाढेल हे आकड्यांत सांगणे आवश्यक ठरते आणि विद्यापीठांतील या विषयाच्या संशोधकाचे हेच मुख्य काम होय.

रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांतून आउगुस्ट व्होलर (१८१९–१९१४) यांनी एकोणिसाव्या शतकातच या विषयाचा पाया घातला होता. विमानविद्येत त्याचे गांभीर्य पटले ते कॉमेट या जेट प्रवासी विमानाच्या अपघातांमुळे. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ व ८ एप्रिल १९५४ रोजी नेपल्सजवळ अशी दोन विमाने आकाशातच फुटली. त्यांची अनुक्रमे १,२९० व ९०० उड्डाणे झाली होती. इंग्लंडमधील फार्नबरो येथे एक संपूर्ण धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुनःपुन्हा दाब भरण्यात आला, तेव्हा आधीची उड्डाणे धरून तीन हजारांवर आवर्तने होताच ते फाटले. येथे एक प्रश्न उरतो. उत्पादकांनी चाचणी घेतलेल्या धडाच्या भागाने सु. १८,००० आवर्तने सोसली होती, ती कशी ? त्या भागावर आधी नेहमीपेक्षा बराच अधिक दाब देऊन बळकटी तपासलेली होती. त्यामुळे कोपऱ्यांपाशी धातू किंचित कायमचा ताणला गेला आणि दाब उतरल्यावर तेथे संकोचक प्रतिबल शिल्लक राहिले. चाचणीनेच नमुना टिकाऊ केला होता.

तड्याचे गणित ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेच्या भंगाविषयी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतापासून सुरू होते. जी. आर. अर्विन यांनी १९५७ मध्ये तड्याच्या टोकाजवळील प्रतिबलाची स्थिती एकाच राशीने दर्शविली. तिला प्रतिबल-तीव्रता गुणक म्हणतात. तड्याची वाढ या गुणकाच्या चढउतारावर अवलंबून असते, हे पॉल पॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्यांचा निबंध नामवंत नियतकालिकांनी नाकारला आणि अखेर १९६१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका साध्या नियतकालिकात आला. आज त्याच नियमावर हा सारा व्यवसाय चालतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नियमातील घातांक विमानांच्या मिश्रधातूंसाठी साधारणतः ३ ते ४ असतो. म्हणजे गुणकाचा चढउतार दुप्पट झाल्यास तडा ८ ते १६ पट वेगाने वाढतो. भाराच्या अंदाजातील लहान चूक आयुष्याच्या अंदाजात केवढी मोठी होते, हे यावरून दिसेल.

प्रयोगशाळेतील काम संथ व चिकाटीचे असते. खाच पाडलेला, तळहाताएवढा नमुना द्रवदाबावर चालणाऱ्या यंत्रात बसवून त्यावर सेकंदाला १० ते २० आवर्तने दिली जातात. तड्याची लांबी सूक्ष्मदर्शकाने किंवा नमुन्यातून विद्युत् प्रवाह सोडून विभवांतरातील बदलावरून मोजतात. ज्या मर्यादेखाली तडा जवळजवळ वाढतच नाही, ती ठरविणे सर्वांत कष्टाचे असते. तेथे वाढ एका आवर्तनास मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाएवढी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या स्फटिकातील अणूंमधील अंतराहूनही कमी असते. सेकंदाला २० आवर्तने धरली, तरी एक दशांश मिलिमीटर वाढीस सु. १४ तास लागतात. एकाच पत्र्यातून कापलेल्या नमुन्यांचे आयुष्यही कित्येक पटींनी भिन्न निघते. ही तफावत पदार्थाची की नमुना तिरका बसविल्याची, हे ठरविण्यात संशोधकाचा बराच काळ जातो आणि त्याचे कौशल्यही येथेच कसाला लागते.

भंग झालेला पृष्ठभागही बोलका असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर बारीक समांतर रेषा दिसतात. वाढीच्या मधल्या टप्प्यात सामान्यतः एका आवर्तनास एक रेषा उमटते, म्हणून अपघातानंतर सापडलेल्या तुकड्यावरूनही तड्याचा इतिहास मागे मागे मोजता येतो. वोल्फ एल्बर यांनी न्यू साउथ वेल्स विद्यापीठात १९६०–७० च्या दशकात पीएच्.डी.साठी काम करताना, भार ताणाचाच असतानाही तड्याचे ओठ मिटलेले राहतात, असे दाखवून दिले. एखाद्या मोठ्या भारानंतर तडा काही काळ मंदावतो, याचे बरेचसे स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

तडा नाहीच असे गृहीत धरून आयुष्य ठरविण्याची पद्धत अपुरी असल्याचे अमेरिकेच्या एफ-१११ या लढाऊ विमानाच्या २२ डिसेंबर १९६९ रोजीच्या अपघाताने सिद्ध केले. पंखाच्या पोलादी सांध्यातील, निर्मितीच्या वेळीच राहून गेलेल्या दोषापासून वाढलेल्या तड्यामुळे, अवघ्या शंभरावर तासांच्या उड्डाणानंतर पंख निखळला. त्यानंतर दोष आरंभापासून आहे असे मानण्याची पद्धती रूढ झाली. तडा दिसू शकेल इतका मोठा होण्यापासून तो घातक ठरेपर्यंतचा काळ काढून, त्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी अंतराने तपासणी ठेवतात. प्रयोगशाळेतील आकडा अशा रीतीने विमानतळावरील तंत्रज्ञाच्या वेळापत्रकात उतरतो. मात्र तडा एकच असेल, या समजुतीलाही २८ एप्रिल १९८८ रोजी धक्का बसला. हवाई बेटांवरील एका बोइंग ७३७ विमानाच्या धडाचे छत ८९,६८० उड्डाणांनंतर उडून गेले व एका परिचारिकेचा बळी गेला. रिव्हेटांच्या रांगेतील अनेक बारीक तडे एकत्र जोडले गेले होते.

भारतात बंगळूरू येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा (स्थापना १९५९) व भारतीय विज्ञान संस्था येथे या विषयावर काम होते. अलीकडे कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थांनी संशोधकांपुढे वेगळे प्रश्न उभे केले आहेत. त्यांत एकच तडा सरळ वाढत नाही, तर थर एकमेकांपासून सुटतात; हातातून निसटलेल्या अवजाराच्या आघाताने आत थर सुटले, तरी बाहेरून केवळ पुसटशी खूण दिसते. धातूसाठी तयार झालेला नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यामुळे अशा भागांत दृष्टीस न पडणारी इजा पुढील सेवाकाळात मुळीच वाढणार नाही, हे चाचणीने दाखविणे हाच मार्ग बहुधा स्वीकारला जातो.