शेजारीण सांगते तेव्हा

टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठाने, अशी एक पट्टी आहे की तिथल्या काही माणसांना ना खाली जाता येतं ना वर. खाली नदी, नदीपलीकडे मेक्सिको. कागदपत्रं नसतील तर पलीकडे गेलेल्याला परत येता येईल याचा भरवसा नाही. आणि वर? वर अमेरिकाच आहे, पण सॅन अँटोनियोकडे जाणाऱ्या महामार्गावर, सरहद्दीपासून शंभरेक किलोमीटर आत, फाल्फुरियस गावाजवळ सरहद्द पोलिसांचं तपासणी नाकं आहे. तिथे गाडी थांबते, आतल्या माणसांना नागरिकत्व विचारलं जातं. आता समजा, मुलाच्या हृदयाचा तज्ज्ञ या नाक्यापलीकडच्या शहरात आहे. कागद नसलेल्या आईने काय करायचं?

या पट्टीत ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या आहेत. एकट्या टेक्सासमध्ये त्या दोन हजारांहून जास्त, आणि सर्वांत जास्त हिडाल्गो काउंटीत. १९५०च्या दशकापासून जमीनमालकांनी शेतीला निरुपयोगी जमिनीचे तुकडे पाडून ते हप्त्यावर विकले. शहराच्या हद्दीबाहेर, म्हणून ना नळ, ना गटार, ना पक्का रस्ता. शेवटचा हप्ता भरेपर्यंत जागा नावावर होत नसे. आपल्याकडच्या गुंठेवारीची आठवण यावी असाच हा कारभार. लोकांनी मिळेल तसा पैसा जोडून एकेक खोली वाढवत घरं बांधली. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे, आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच. पण एकाच छपराखाली नागरिक मुलं, व्हिसावरचा काका आणि कागद नसलेली आई अशी सरमिसळ असते. त्यामुळे दारावर अनोळखी टकटक झाली की घर गप्प होतं.

सांगा, अशा घरात मधुमेहाची माहिती पोचवायची कशी? पत्रक छापून? क्लिनिकच्या भिंतीवर फलक लावून?

या प्रश्नाचं उत्तर त्याच गल्लीत राहत होतं. तिला ‘प्रोमोतोरा’ म्हणतात. बहुतेक वेळा ती चाळिशी-पन्नाशीची बाई असते, स्पॅनिश बोलणारी, तिथेच मुलं वाढवलेली. डॉक्टर नाही, नर्सही नाही. रक्तदाब मोजता येतो, साखर तपासता येते, फॉर्म भरता येतात. आणि तिला दार उघडलं जातं, कारण ती कुणाची कोण हे गल्लीला ठाऊक असतं. ती कागदपत्रांबद्दल विचारत नाही. ज्या विश्वासापाशी मोठमोठ्या योजना अडून बसतात, तो तिच्यापाशी पहिल्या दिवसापासून असतो.

आता जरा जवळून बघू. ती एका स्वयंपाकघरात बसली आहे. समोर कोलाचा ३५५ मिलीलिटरचा डबा, रिकामा ग्लास, साखरेची बरणी. ती एकेक चमचा साखर ग्लासात घालू लागते. चार, पाच, सहा. घरातली मुलं मोजत असतात. दहाव्या चमच्यापाशी ती थांबते, कारण त्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. कुणी कुणाला रागावलेलं नाही, तरी खोलीतल्या सगळ्यांची नजर त्या ग्लासावर. दिवसाला असे किती डबे, हा हिशोब घर स्वतःच करतं.

पण खरं कौशल्य यापुढे. यजमानीण म्हणते, मला हा आजार साखरेने झालाच नाही, ‘सुस्तो’ने झाला. सुस्तो म्हणजे अचानक बसलेला जबर धक्का: अपघात, मृत्यूची बातमी, अंगावर धावून आलेला कुत्रा. अशा धक्क्याने मधुमेह जडतो असं मानणारे मेक्सिकन वंशाचे लोक पुष्कळ आहेत. टेक्सासमधल्याच एल पासो शहरातल्या संशोधकांनी या समजुतीचा बारकाईने अभ्यास केला आहे. परका डॉक्टर इथे हसेल, आणि संवाद तिथेच संपेल. प्रोमोतोरा हसत नाही. सुस्तो काय असतो ते तिला आजीकडून माहीत आहे. ती आधी विचारते, काय झालं होतं?

आणि गंमत पाहा, शरीर या समजुतीला अगदीच खोटं पाडत नाही. माणूस घाबरला की ॲड्रेनालिन उसळतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात ओततं. पळायचं असेल तर इंधन हवंच ना! एका धक्क्याने मधुमेह होतो असं वैद्यक म्हणत नाही, पण सतत ताणाखाली जगणाऱ्याची साखर आटोक्यात राहणं अवघड जातं हे ते नक्की म्हणतं. म्हणजे धक्क्याच्या गोष्टीपासून सुरुवात करून गोळीपर्यंत पोचणारा रस्ता आहे. तो सापडायला धक्क्याची गोष्ट ऐकून घ्यावी लागते, एवढंच.

तसंच इन्सुलिनचं. ‘इन्सुलिनने आंधळेपण येतं’ ही भीती सरहद्दीवर घरोघर आहे. आली कुठून? लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून! मावशीला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षभरात तिची दृष्टी गेली. फक्त, इन्सुलिन सुरू झालं तेव्हा आजाराला पुष्कळ वर्षं होऊन गेली होती आणि डोळ्यांचा पडदा आधीच खराब झालेला होता, हा भाग गोष्टीत नसतो. प्रोमोतोरा तो भाग गोष्टीत घालते. आणि नोपाल? निवडुंगाची ती पानं, काटे खरवडून कांदा-टोमॅटोबरोबर किंवा अंड्यात परतलेली, साखरेवर उपाय म्हणून खाल्ली जातात. ती म्हणते, खा की, भरपूर तंतू असतात त्यात. गोळी मात्र बंद करू नका.

याने खरंच फरक पडतो का? याच पट्टीतल्या स्टार काउंटीत, जिथे मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे, टेक्सास विद्यापीठाच्या शॅरन ब्राउन यांच्या चमूने २५६ जणांवर अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. द्विभाषिक नर्सा, आहारतज्ज्ञ आणि वस्तीतल्या कार्यकर्त्या, शिकवणी स्पॅनिशमध्ये, जेवण घरचंच, सोबत घरातलं एक माणूस. सहा महिन्यांनी या गटाचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, तुलनेच्या गटापेक्षा १.४ अंकांनी कमी होतं. तरी ते दहाच्या वरच होतं, हेही सांगायला हवं. आजार तिथे किती खोल रुजला आहे याची त्यावरून कल्पना येते. पण १.४! मधुमेहाची गोळी घेणाऱ्या कुणालाही विचारा, हा आकडा किती मोठा आहे ते.

दुसरं उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं. एल पासो, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं अशा तीन ठिकाणी मेक्सिकन वंशाच्या ६१३ स्त्रियांबरोबर ‘आमिगास’ हा कार्यक्रम झाला. तपासणी राहून गेलेल्या या स्त्रियांपैकी काहींशी प्रोमोतोरा चित्रफीत आणि चित्रांचा तक्ता घेऊन बोलली. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या ५२ टक्के पॅप तपासणी करून आल्या. ज्यांच्याकडे कुणी गेलं नाही त्यांच्या गटात हे प्रमाण २५ टक्के. दुपटीहून जास्त, आणि तेही एका बाईने दुसरीशी बोलून!

ही कल्पना एकाच ठिकाणी उगवली नाही, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. १९६०च्या दशकात मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या अहोया या डोंगरी खेड्यात डेव्हिड वर्नर नावाचा जीवशास्त्राचा अमेरिकन शिक्षक पोचला आणि गावकऱ्यांनाच आरोग्याचं काम शिकवू लागला. त्यातूनच १९७३ साली ‘डॉक्टर नसेल तिथे’ अशा अर्थाचं स्पॅनिश पुस्तक निघालं आणि जगभर पसरलं. त्याच सुमारास, १९७०च्या दशकात, जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेच करत होते: निरक्षर बायकांना प्रसूती, अतिसार, कुपोषण शिकवून गावाचं आरोग्य त्यांच्या हाती देत होते. दोन खंड, आणि दोन्हीकडे सापडलेली तीच बाई! पुढे १९७८च्या अल्मा-आटा परिषदेने अशा कामाला जगाच्या धोरणात जागा दिली. आपल्या आशाताई त्याच घराण्यातल्या.

वस्ती मात्र प्रोमोतोराचा उपयोग आरोग्यापुरता ठेवत नाही. तिने रक्तदाबाचं यंत्र उघडलं की समोरून येतं शाळेचं इंग्रजी पत्र, विजेचं बिल, पावसात तुंबलेला रस्ता, नवऱ्याची दारू. मुलं अमेरिकेत जन्मलेली असतील तर त्यांना सरकारी आरोग्यविमा मिळू शकतो, पण फॉर्मवर नाव लिहायला आई घाबरते. तो फॉर्म प्रोमोतोरा शेजारी बसून भरते. कार्यक्रमाच्या कागदावर याला ‘इतर’ म्हणत असतील. माझ्या मते आरोग्य तिथेच आहे. रस्ता तुंबला तर रुग्णवाहिका येणार कशी?

आणि लोक घरी नसतील तर? ॲरिझोनातल्या युमा भागात हिवाळ्यात देशभरासाठी लेट्यूस पिकतं. मजूर मध्यरात्रीनंतर सॅन लुइसची सरहद्द ओलांडून शेतावर नेणाऱ्या बसगाड्यांसाठी उभे असतात. म्हणून डिसेंबरात शेतमजुरांचा दिवस साजरा होतो तो पहाटेआधी, अंधारात. रक्तदाब, साखर, लशी, सगळं तिथेच रस्त्यावर. दवाखान्याची वेळ मजुराच्या वेळेवर लावलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

पैशाची बाजू अजून कच्ची आहे. यांतल्या कितीतरी जणी अनुदानावर काम करतात. अनुदान संपलं की काम संपतं, ओळख मात्र राहते आणि शेजारीण तरीही दार वाजवते. त्यांना नियमित पगार मिळायलाच हवा. टेक्सासने १९९९ साली कायदा करून त्यांच्या प्रमाणपत्राची वाट काढली, आणि या बाबतीत ते अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. १६० तासांचं प्रशिक्षण घ्या आणि प्रमाणित व्हा. पण नियमात दुसरी वाटही ठेवली आहे: वर्गात न बसताही, वस्तीत हे काम १,००० तास केल्याचं दाखवलं, तर राज्य तेवढ्यावर प्रमाणपत्र देतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ऐकलेल्या सुस्तोच्या गोष्टींचे तासही त्यात आले.