डोंगरगडचा प्रज्ञागिरी

जामुल हे भिलाईला लागून असलेले, सिमेंटच्या कारखान्यामुळे नावारूपास आलेले गाव. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे कामाच्या शोधात या परिसरात येऊन स्थिरावली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास दिलेल्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणारी घरेही त्यांत आहेत. त्या दिवशी आईबापांचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. अशा वृद्धांना प्रज्ञागिरीचे दर्शन घडवावयाचे, तर केव्हा आणि कसे निघावे, हा प्रश्न किरकोळ नव्हे.

प्रज्ञागिरी डोंगरगडास आहे. दुर्गहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगावच्या पुढे हे स्थानक लागते. जामुलकरांनी दुर्गला येऊन गाडी धरावी. गावातील मोठी टेकडी बमलेश्वरी देवीची. तिच्या पायऱ्या हजारांवर असून तेथे रज्जुमार्गही आहे. प्रज्ञागिरी त्या मानाने लहान. सुमारे सव्वादोनशे पायऱ्या चढल्या की भगवान बुद्धांची तीस फूट उंचीची मूर्ती समोर येते. चढ लहान असला, तरी थकलेल्या गुडघ्यांना तो लहान नसतो. वाटेत बसत बसत चढण्यास पुरेसा वेळ हाती ठेवावा.

मूर्ती पूर्वाभिमुख आहे. सकाळचे ऊन तिच्या मुखावर पडते आणि तेव्हा खडकही तापलेला नसतो. म्हणून जामुलहून पहाटेच निघणे श्रेयस्कर. दुपारी पोहोचणारा यात्रेकरू दर्शनापेक्षा सावलीच अधिक शोधतो! चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत भिलाई-दुर्गकडून पायी येणाऱ्या देवीभक्तांनी रस्ते फुलून जातात. आश्विनात तर नवरात्र संपते न संपते तोच विजयादशमी येते आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनासाठी नागपूरकडे जाणारी मंडळीही याच लोहमार्गावर असतात. वृद्धांना सोबत घेऊन त्या दिवसांत निघणे शहाणपणाचे नाही. ६ फेब्रुवारीला प्रज्ञागिरीवर बौद्धांचा मोठा मेळावा भरतो. प्रवचने ऐकावयाची असतील, तर तो दिवस उत्तम. निवांतपणा हवा असेल, तर हिवाळ्यातील कोणताही साधा दिवस.

हे स्थान प्राचीन नव्हे. मूर्ती उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यावरून त्यास कमी लेखणारे लोक असतात. परंतु या प्रदेशात डोंगर आणि बौद्ध धर्म यांचे नाते जुने आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने कोसल देशातील एका डोंगरात नागार्जुनासाठी कोरलेल्या पाच मजली विहाराचे वर्णन केले आहे. तो डोंगर कोणता, यावर विद्वानांचे एकमत नाही. ज्यांस प्राचीन अवशेषच पाहावयाचे आहेत, त्यांनी महानदीकाठच्या सिरपूरला जावे. तेथे १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. भिक्षू आनंदप्रभूचा विहार आणि त्यातील भूमिस्पर्शमुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती आजही पाहावयास मिळते. मात्र डोंगरगड जामुलच्या पश्चिमेस, तर सिरपूर रायपूरच्याही पलीकडे पूर्वेस. दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा हव्यास धरू नये. सिरपूरसाठी निराळा दिवस काढावा.